डावीकडे, मिटलेले

१

तिला ऑफिसात सगळे चाळणी म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे, कारण ते खोटं नव्हतं. प्राण्यांच्या अवयवांचा एक भलामोठा कोश संगणकावर सांभाळायचा, हे त्या ऑफिसाचं काम. माशाच्या कल्ल्यापासून माणसाच्या पापणीपर्यंत शरीरात जे जे म्हणून असतं, त्या प्रत्येकाची एक नोंद. नोंदीला क्रमांक, क्रमांकाखाली व्याख्या, आणि व्याख्येखाली दुव्यांची यादी. हाच अवयव दुसऱ्या संस्थांच्या कोशांत कुठे सापडेल ते हे दुवे सांगत. एखादी संस्था आपले क्रमांक बदलते, एखादीचा कोश बंद पडतो, कुणी शिरेतल्या झडपेचा दुवा हृदयातल्या झडपेला चिकटवून मोकळं होतं. असले मेलेले, चुकलेले, भरकटलेले दुवे हुडकून काढून टाकायचे, हे तिचं काम. ती ते मन लावून करी.

तिच्या समोरच्या टेबलावर बसे तो झाडू. झाडू म्हणजे प्रोग्रामर. पन्नाशीला टेकलेला, चष्मा कायम कपाळावर, आणि कोशातला कचरा एका फटक्यात साफ करणारे प्रोग्राम लिहिण्याची भारी हौस. "एक चाळणी, एक झाडू. आता सूप तेवढं घ्यायचं राहिलं," असं साहेब दर मीटिंगला म्हणत, आणि हे दोघं दर मीटिंगला इमानदारीत हसत.

कोशाची नवी आवृत्ती निघायला तीन आठवडे उरले होते. त्या मंगळवारी सकाळी ती माशांची फांदी तपासत होती. जबडा नसलेल्या एका माशाच्या, कल्ल्यांमागच्या स्नायूच्या नोंदीत पाच दुवे होते. चार ओळखीचे. पाचवा बघून ती थबकली.

प्रत्येक दुव्याच्या सुरुवातीला त्या त्या संस्थेची अक्षरं असतात. याला अक्षरंच नव्हती. नुसती दोन टिंबं आणि पुढे सात आकडे. शेजारी टीप होती: 'हा असू द्यावा.' टीप मोठ्या बाईंची. तिच्याआधी एकवीस वर्षं हे काम मोठ्या बाईंनी केलं होतं आणि निवृत्त होताना जागोजागी असल्या टिपा मागे सोडल्या होत्या.

तिने दुव्यावर टिचकी मारली. तिची अपेक्षा होती की पान सापडत नाही असा निरोप येईल. पण पान उघडलं. पांढरं, कोरं, कुठल्या संस्थेचं नाव नाही की चिन्ह नाही. वर डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एकच शब्द होता.

'डावीकडे.'

"हे काय नवीन?" ती स्वतःशीच म्हणाली. तिने दुवा काढला, टीप काढली, आणि चहाला गेली.

२

गुरुवारी तो बेडकात सापडला.

दोन टिंबं, तेच सात आकडे. या वेळी बेडकाच्या कुशीतल्या त्वचेच्या नोंदीत. आदल्या आठवड्यात ही नोंद तिने स्वतः तपासली होती. तेव्हा तिथे तीन दुवे होते, आता चार.

"झाडूराव, जरा बघा हो."

झाडू खुर्चीसकट घरंगळत आला. त्याने चष्मा नाकावर घेतला आणि नोंदीचा इतिहास उघडला. कोणी, कधी, काय बदललं ते त्यात ओळीने लिहिलेलं असतं. शेवटचा बदल तिच्याच नावावर होता, आठ दिवसांपूर्वीचा, एका शब्दाची दुरुस्ती. दुवा कोणी घातला याची ओळच नव्हती.

"घातला नाही, तर आला कुठून?"

"कुठून तरी आयात करताना चिकटला असेल. काढून टाक की. इतकं काय मनावर घेतेस?"

तो परत घरंगळत गेला. तिने दुवा काढण्याआधी एकदा उघडून पाहिला. पान तेच होतं, पण मजकूर वाढला होता.

'डावीकडे. मिटलेले.'

मनात कुठेतरी पाल चुकचुकली. पण पानं बदलतात. कोणीतरी कुठेतरी बसून लिहितच असणार, आपण नाही का लिहीत? तिने दुवा काढला. मग उगीचच उठली, खिडकीपर्यंत गेली, पडदा सारखा केला, परत येऊन बसली, आणि पुन्हा उठली. त्या दिवशी ती एका जागी अशी बसलीच नाही.

३

तळमजल्यावर नमुन्यांची खोली होती. भिंतीभर बरण्या, बरण्यांत पिवळट द्रव, द्रवात सरडे, मासे, वटवाघळं. ती खोली सांभाळणाऱ्यांना सगळे बरणीकाका म्हणत. काका कधी वर येत नसत. सोमवारी दुपारी ते वर आले, हातमोजेही न काढता.

"ताई, तुम्ही अवयवांच्या जाणकार. जरा खाली येता?"

टेबलावर ट्रेमध्ये एक बेडूक उताणा होता. काकांनी चिमट्याने त्याचा डावा पुढचा पाय उचलला. पायाच्या मागे, कुशीत, एक चीर होती. कापल्याची नव्हे. चिरेच्या दोन्ही कडा गोलसर, जराशा जाड, एकमेकींना टेकलेल्या. शिंपला मिटतो तशा.

"चौतीस वर्षं बेडूक फाडतोय," काका म्हणाले. "हे नव्हतं बघितलं. सकाळपासून सहा झाले. सहाही असेच. उजवीकडे काही नाही."

"एखादा रोग असेल."

"असेल." काकांचा आवाज कोरडा होता. "म्हणून मग मी जुन्या बरण्या उघडल्या. ही माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली बरणी. माझ्या हाताचं लेबल आहे." त्यांनी चिमटा त्या बरणीत घातला आणि आतल्या बेडकाचा पाय वर केला. "यालाही आहे."

खोलीत थंडावा होता. कुठेतरी नळ ठिबकत होता. ती बेडकाकडे बघत राहिली आणि तिच्या डोक्यात ते दोन शब्द आपोआप उमटले. तिने ते झटकून टाकले. पान वाचलं होतं म्हणून आता चीर दिसली की 'मिटलेले' असंच वाटणार. माणसाचं मन असंच चालतं. काकांच्या सांगण्यावरून तिने मोबाईलवर फोटो काढला आणि जिना चढून वर आली. वर येताना तिच्या लक्षात आलं की आपण पायऱ्या मोजतोय.

४

तिसऱ्यांदा तो उंदराच्या बरगड्यांच्या नोंदीत होता. पानावर आता तीन गोष्टी होत्या: 'डावीकडे. मिटलेले. आत पोकळी.'

या वेळी तिचा हात काही वेळ माऊसवर तसाच राहिला. काढू की नको, असा विचार कामाच्या बाबतीत तिला कधी पडला नव्हता. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. अक्षरं नसलेला दुवा हा चुकीचा दुवा. चुकीचा दुवा काढायचा. एवढ्यासाठी तर पगार मिळतो. तिने तो काढला.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम तळमजल्यावर गेली. काका डबा धूत होते.

"काका, त्या बेडकांचं पुढे काय झालं?"

"कुठल्या?"

"डाव्या कुशीत चीर होती ती. तुम्ही दाखवलीत ना मला?"

काकांनी हात पुसले आणि ते तिच्याकडे जरा काळजीने बघू लागले. "बेडकाला असतेच की ती, ताई."

"तुम्हीच म्हणालात, चौतीस वर्षांत बघितली नाही म्हणून."

"मी?" काका हसले. "कमाल करता. अहो, फाडायला सुरुवात तिथूनच तर करायची असते. पहिल्या दिवशी शिकवतात."

तिने मोबाईल काढून फोटो पुढे केला. त्यात ट्रे होता, बेडूक होता, आणि चिमटा धरलेला काकांचा हातमोजा होता. काकांनी फोटो लांब धरून पाहिला. "छान आलाय," ते म्हणाले. "पण काय त्यात?"

 जाता जाता तिने विचारलं, "आणि उंदराला?"

काका डब्याचं झाकण लावत होते. त्यांचा हात थांबला. "उंदराचं कोणी सांगितलं तुम्हाला? मी अजून कोणाला बोललो नाही. आज सकाळीच दिसलं."

५

तिचा नवरा फिजिओथेरपिस्ट होता. दिवसभर लोकांच्या पाठी, माना, खांदे त्याच्या हाताखालून जात. त्या संध्याकाळी तो भांडी विसळत होता आणि त्यांची सात वर्षांची टिल्ली जेवणाच्या टेबलावर गृहपाठ पसरून बसली होती.

"एक विचारू?" तिने नवऱ्याला म्हटलं. "माणसाला इथे काय असतं?" तिने स्वतःला न शिवता, हवेतच, डाव्या काखेच्या चार बोटं खालची जागा दाखवली.

"बरगड्या. बरगड्यांमधले स्नायू. का गं, दुखतंय का?"

"नाही. वरून, कातडीवर काही?"

"कातडीवर कातडी," तो म्हणाला. टिल्ली खुदकन हसली. "तू या कोशाच्या नादात एक दिवस आम्हाला सगळ्यांना क्रमांक देशील."

तिलाही हसू आलं. तेवढ्या हसण्याने छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

सकाळी ऑफिसात पोचल्यावर पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधी तिने माणसाची फांदी उघडली. धड. धडाची डावी बाजू. त्वचा. दोन टिंबं, सात आकडे.

दुव्यावर टिचकी मारायला नको होती. तिने मारली.

'डावीकडे. उघडते.'

"चाळणी, चहा?" झाडूने विचारलं.

"झाडूराव, ऐका. या नोंदीला हात लावायचा नाही. मी दुवा काढत नाहीये, आणि तुम्हीही काढू नका. कोणीच काढायचा नाही."

"तू दुवा काढत नाहीयेस?" झाडूने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "बरी आहेस ना?"

"मी अर्ध्या दिवसाची रजा टाकतेय."

६

मोठ्या बाई चौथ्या मजल्यावर एकट्या राहत. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात झाडांना पाणी घालायचा मग होता. तिला बघून त्या आधी खूश झाल्या, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं हसू मावळलं.

"किती वेळा काढलास?" त्यांनी दारातच विचारलं.

"तीनदा."

"मग आता कुठे आहे?"

"माणसात."

बाईंनी हातातला मग दाराशेजारच्या कपाटावर ठेवला. नीट ठेवला नाही, पाणी जमिनीवर सांडलं. दोघींपैकी कोणीही ते पुसलं नाही.

"मी नोकरीला लागले तेव्हा तो गोगलगाईत होता," आत बसल्यावर बाई सांगू लागल्या. "मी काढला. मग तो माशात आला. आणि आठवड्याभरात गोगलगाईंवर काम करणारी माझी मैत्रीण मला सांगायला लागली की गोगलगाईला डावीकडे अमुक एक असतं. मी म्हटलं, कधीपासून? ती म्हणाली, कधीपासून म्हणजे? तू पुस्तक उघडलंस का कधी? मी उघडलं. पुस्तकात होतं, चित्रासकट. माझ्या शाळेच्या पुस्तकात होतं, ज्यावर माझ्या हाताने केलेल्या पेन्सिलच्या खुणा होत्या." त्या थांबल्या. "खुणासुद्धा त्याच चित्राला होत्या."

"मग?"

"मग मी शहाणी झाले. माशातला काढला नाही. टीप लिहिली आणि एकवीस वर्षं त्या नोंदीला वळसा घालून गेले."

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चढला. "टीप लिहिली म्हणजे झालं? 'असू द्यावा' म्हणे! कारण नको लिहायला?"

"काय लिहिणार होते? हा दुवा काढला की तो आपल्या जवळ सरकतो? तू वाचून काय केलं असतंस?"

 तिने काय केलं असतं ते दोघींनाही ठाऊक होतं.

"परत मागे ढकलता येईल?" तिने विचारलं. "माशात नेऊन घातला तर?"

"मीही तसं करून पाहिलं होतं. गोगलगाईत परत घातला. दोन्हीकडे राहिला. पुढे आलेला मागे जात नाही." बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात थंड होता. "अजून काही झालेलं नाही. तो नुसता तिथे आहे. तो आहे तोवर ते होत नाही. ते होतं तो निघाल्यावर. म्हणून एकच कर. काही करू नकोस."

"मी नाही करणार."

"तुझं नाही म्हणत मी," बाई म्हणाल्या. "ते कोशात आणखी कितीजणांना करता येतं?"

७

जिन्यातूनच तिने झाडूला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. रस्ता ओलांडताना लावला, बसमध्ये उभ्याने लावला. बस प्रत्येक सिग्नलला थांबत होती, आणि दर वेळी तिला वाटे की उतरून पळत सुटावं. शेवटी दोन थांबे आधी ती उतरलीच आणि पळाली. भर दुपारी, ऑफिसच्या कपड्यांत, पर्स छातीशी धरून पळणाऱ्या बाईकडे लोक वळून बघत होते.

झाडू खुर्चीत मागे रेलून बसला होता. चेहऱ्यावर समाधान ओसंडत होतं.

"फोन का नाही उचलत?"

"चार्जिंगला होता, आत. अगं, खुशखबर! साहेबांनी आवृत्ती एक आठवडा अलीकडे घेतली. तू नव्हतीस, म्हणून म्हटलं आपणच उरकू. साफसफाईचा प्रोग्राम चालवला. ज्या दुव्यांना अक्षरं नाहीत ते सगळे एका दमात साफ! एकशे बारा निघाले."

"मी सांगितलं होतं, हात लावू नका म्हणून."

"मी कुठे लावला? प्रोग्रामने लावला." तो हसला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. "काय झालं? बस. पाणी देऊ?"

तिने आपल्या संगणकावर माणसाची फांदी उघडली. धड. धडाची डावी बाजू. त्वचा. दुवा नव्हता. सगळ्या कोशात तिने ते सात आकडे शोधले. कुठेही नव्हते. गोगलगाईत नाही, माशात नाही. तिने खोल श्वास घेतला. गेला तर गेला. पुढे सरकायला आता फांदीच उरली नव्हती, माणसाच्या पुढे जाणार कुठे?

मग तिला दिसलं, त्वचेच्या खाली एक नोंद जास्त होती.

तिला स्वतःचा क्रमांक होता. कोशाच्या पहिल्या आवृत्तीपासूनची तारीख होती. खाली नऊ दुवे होते, नऊ नावाजलेल्या संस्थांचे, अक्षरांसकट. तिने एकामागून एक उघडले. सगळे जिवंत होते, सगळे बरोबर होते. मग ती व्याख्येकडे वळली. चार ओळींची व्याख्या, सुटसुटीत, नेमकी. चूक काढावी असं तिच्यात काही नव्हतं. दुसरी ओळ संपवून तिने संगणक बंद केला, कारण तिसऱ्या ओळीची सुरुवात 'अन्न' या शब्दाने होत होती.

"झाडूराव," तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "तुम्हाला डावीकडे काय आहे?"

"डावीकडे? खिडकी," झाडू म्हणाला. तिला काय म्हणायचंय ते मग कळल्यासारखं होऊन तो अवघडला, आणि त्याने शर्टाची बाजू जराशी ओढून घेतली. "असलं विचारतात का कोणी ऑफिसात?"

८

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस ती घरात भिरभिरत राहिली. धुतलेले कपडे पुन्हा धुतले. कपाटातली पुस्तकं उतरवली, पुसली, लावली. फक्त एका पुस्तकाला ती शिवली नाही. नवऱ्याचं शरीररचनेचं ते जाडजूड पुस्तक होतं.

नवऱ्याला तिने एकदाच विचारलं. तो दाढी करत होता.

"त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, काखेखाली काय असतं. तू म्हणालास, कातडीवर कातडी."

"असं म्हणालो मी?" त्याने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "चेष्टेत म्हणालो असेन. का, तुला काही त्रास होतोय का? कोरडं पडलंय का? थंडीत होतं तसं. कालच एका आजींचं चिकटलेलं मोकळं केलं. दहा मिनिटं अंगठ्याने दाबून धरायचं, की आपोआप सुटतं." त्याने वस्तरा ठेवला आणि ओला हात पुढे केला. "बघू."

"नको." ती दोन पावलं मागे सरली. "मला काही होत नाहीये."

तिला खरंच काही होत नव्हतं. निदान तिने तशी संधीच दिली नव्हती. गुरुवारपासून ती आंघोळ अंगातल्या पातळ गाऊनवरून करत होती. साबण उजवीकडे फिरे, पोटावर फिरे, डावीकडे जात नसे. झोपताना ती उजव्या कुशीवर झोपे आणि डावा हात शरीरापासून लांब ठेवी. तो हात आता दुखायला लागला होता. आपण पाहिलं नाही तोवर आपल्याला ते नाही, असं तिने स्वतःला समजावलं होतं. हे समजावणं किती पोकळ आहे हे तिच्याइतकं कोणाला कळणार? नोंद असली की वस्तू असते, ही तर तिची रोजची रीत होती.

पण टिल्लीला नव्हतं. हे तिने पाहिलं होतं. शुक्रवारी सकाळी शाळेचा सदरा घालताना तिने टिल्लीचा डावा हात वर केला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. स्वच्छ, सपाट, उबदार कातडी. एक तीळ. बाकी काही नाही.

"आई, थंडी वाजतेय," टिल्ली म्हणाली.

तिने लेकीला इतकं घट्ट कवटाळलं की टिल्लीने तिला ढकलूनच दिलं.

९

शनिवारी सकाळी टिल्लीचा पोहण्याच्या वर्गाचा पहिला दिवस होता. जाऊ नये असं तिला फार वाटत होतं. पण टिल्ली महिनाभर दिवस मोजत होती, आणि नवऱ्याने बॅगही भरून ठेवली होती.

तलाव बंदिस्त होता. वर काचेचं छत, खाली निळ्या फरश्या, आणि सगळीकडे औषधाचा तो उग्र वास. मुलांचे आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होत होते. कपडे बदलायच्या खोलीत तिने टिल्लीला पोहण्याचा पोशाख चढवला. पोशाखाला डाव्या बाजूला काखेखाली एक लांबट भोक होतं, कडेने शिवलेलं. दुकानात ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. भोकातून टिल्लीची कातडी दिसत होती, सपाटच होती. तीळ दिसत होता.

"चल," ती म्हणाली. आवाज स्थिर राहावा म्हणून तिला खाकरावं लागलं.

तलावाच्या काठाशी पंधरा-वीस मुलं ओळीने उभी होती. प्रशिक्षक बाईंनी शिट्टी फुंकली.

"डावा हात वर!"

सगळे हात वर गेले. ती बघणार नव्हती. ती फरशीकडे, पाण्याकडे, छताकडे बघणार होती. पण तेवढ्यात पलीकडून कोणीतरी पाण्यात उडी मारली, ओळीवर तुषार उडाले, आणि तिची मान आपसूक वळली. जे तिला दिसलं ते ओलं होतं, आतून फिकट गुलाबी होतं, आणि पाणी उडताच ते टिल्ली सोडून सगळ्या मुलांच्या अंगावर एकदम मिटलं.

तिने जवळच्या बाकाची कड धरली.

शेजारी एक गुबगुबीत, हसऱ्या चेहऱ्याची आई टॉवेलांची घडी घालत बसली होती. तिने टिल्लीकडे पाहिलं, मग हिच्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्या मुलीचं अजून उघडलं नाही वाटतं?"

तिने मान वळवून टिल्लीच्या पोशाखाच्या भोकाकडे पाहिलं.

"काळजी नका करू हो. आमच्या थोरलीचंही उशिराच उघडलं. सात संपताना. एकदा उघडलं की मग खा-खा करतात नुसती." ती बाई प्रेमळपणे हसली. "तुमची नेहमीसारखी जेवते ना अजून? मग जवळ आलंय."

"टिल्ली, इकडे ये."

टिल्ली ओळीतून नाखुशीने आली. तिने लेकीला दोन गुडघ्यांच्या मध्ये ओढून घेतलं, आणि पोशाखाच्या त्या भोकावर आपला उजवा तळहात झाकणासारखा ठेवला. बोटं घट्ट मिटून, जरासुद्धा फट न ठेवता. तळव्याखाली लेकीची कातडी ऊन होती. बरगड्या श्वासाबरोबर वर-खाली होत होत्या. तिने दाब वाढवला.

"आई, सोड ना. बाई बोलावतायत."

"आपण घरी जायचंय."

"आत्ताच तर आलो!" टिल्ली हिरमुसली. तिने पाण्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि मग अंग चोरून एकदम खिदळायला लागली. "आई! नको ना! गुदगुल्या होतायत!"

तिने हात हलवलाच नव्हता.